मूठ आणि बटण

सर,

मेल्यावर माणूस किती चटकन सज्जन होतो, ते परवा तुमच्या शोकसभेत पाहिलं. तुम्ही मितभाषी होता म्हणे. ज्युनिअर मुलांना तुम्ही पोटच्या पोरांसारखं सांभाळलंत म्हणे. ज्याच्या अंगावर तुम्ही भर ऑपरेशनमध्ये चिमटा फेकला होता त्यानंच हे सांगितलं, रुमालानं डोळे टिपत. मी शेवटच्या रांगेत होते. तुमच्या फोटोला एवढा जाड हार घातला होता की तोंड निम्मं झाकलं गेलं होतं, त्यामुळे तुम्ही पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकून घेताय असं वाटत होतं.

शेवटी तुमचा एक जुना विद्यार्थी उभा राहिला. त्याचं आता स्वतःचं हॉस्पिटल आहे, आवाजही तसाच झालाय. तो म्हणाला, "हाताला जे कळतं ते मशीनला कळत नाही, हे सर आयुष्यभर सांगत आले. आणि शेवटी दैवाचा खेळ बघा..." एवढं बोलून तो थांबला, आणि दहा-बारा माना माझ्याकडे वळल्या. वळणारच. तुमच्या पोटात बटणाचं मशीन चालवणारी मीच. जोड सुटला, तुम्ही गेलात, आणि सोलापूरच्या सगळ्या डॉक्टरांना आपल्या भांडणाचा निकाल कळला.

निकाल चुकीचा आहे, हे ठाऊक असलेली दोनच माणसं होती. त्यातलं एक मेलं. काल तुमच्या तेराव्याला मी काकूंना खरं काय ते सांगायचं, असं पक्कं ठरवून तुमच्या घरी गेले होते. तिथं काय झालं ते सांगतेच. पण आधी तुम्ही जरा गप्प बसून ऐका, आता तुम्हाला दुसरं काही कामही नाही.

आपलं भांडण बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. आतड्याचा खराब तुकडा कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं जोडायची. पूर्वी हे सुईदोऱ्यानं करायचे, आता स्टेपलरनं करतात. दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून धरायची आणि बारीक पिनांची गोल रांग एका दमात मारायची. वाद एवढाच की दाबायचं कशानं. तुमच्या मशीनला दांडा, तो मुठीत धरून आवळायचा. माझ्या मशीनला बटण, आत बॅटरी आणि मोटर. एवढ्यावरून दोन शिकलेली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांची अक्कल काढत होती.

कंपनीचा माणूस ते बटणाचं मशीन पहिल्यांदा दाखवायला आला तो दिवस आठवतो? त्यानं फोमचा तुकडा मधे धरून बटण दाबलं. घर्र झालं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून त्याला विचारलंत, "ह्यात शेंगाची चटणी बी होती का?" त्या बिचाऱ्यानं गंभीरपणे सांगितलं की नाही सर, हे फक्त आतड्यासाठी आहे. त्या दिवसापासून ते मशीन म्हणजे मिक्सर आणि मी मिक्सरवाली.

तुम्हाला हसायला काय जात होतं! तुमचे पंजे ऊस मोडायचे. मुठीच्या मशीनचा दांडा शेवटपर्यंत आवळायला जोर लागतो; मधेच हात ढिला पडला तर पिना नीट मिटत नाहीत. माझ्या मुठीत तो दांडा मावतच नसे. तुम्ही ते पहिल्यांदा माझ्या हाती दिलंत तेव्हा मी दोन्ही हातांनी आवळत होते, मनगट थरथरत होतं आणि आत मशीनचं टोक हलत होतं. सगळ्यांसमोर म्हणालात, "पद्मे, घरी भाकरी मिळत न्हाय का?" मग माझ्या हातावर आपला हात ठेवून असं दाबलंत की माझी करंगळी दोन दिवस वळत नव्हती. संध्याकाळी राऊंडला मात्र त्याच पेशंटला सांगितलंत, "तुझं ऑपरेशन ह्या बाईनं केलंय. लई जोर हाय हातात." मी दाराशी उभी होते. राग धरावा की पाया पडावं, ते मला तुमच्या बाबतीत कधी ठरवताच आलं नाही.

आणि तुम्ही खरं जे शिकवलंत ते दाबणं नव्हतंच, ते थांबणं होतं. टोकं मशीनमध्ये मिटली की लगेच पिना मारायच्या नाहीत, आतड्यातलं पाणी दाबानं बाजूला सरू द्यायचं. तरुण डॉक्टरांना तेवढा दम निघत नाही. म्हणून तुम्ही मशीन मिटून विचारायचात, "डब्यात काय आणलंय?" सिस्टरपासून भूलतज्ज्ञापर्यंत प्रत्येकानं उत्तर द्यायचं. कोणाची मेथी, कोणाचं पिठलं, कोणाच्या सुनेनं आज काहीच दिलेलं नसायचं. सगळ्यांचं सांगून झालं की मग तुमची मूठ मिटायची. बाहेरून आलेल्या डॉक्टरला वाटायचं म्हातारा भुकेलाय. ही सवय मी बटणाच्या मशीनलाही लावली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मिक्सरला कशाला भाजी विचारती?" पण खूश झाला होतात. मास्कच्या वर डोळे दिसतात, सर.

तुमचा ठेवणीतला मुद्दा म्हणजे हातमाग. मी सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या घरातली, म्हणून हा दाखला मला बरोबर लागेल असं तुम्हाला वाटायचं. एकदा आमच्या घरी जेवायला आलात आणि माझ्या ताताच्या, म्हणजे आजोबांच्या तोंडावर म्हणालात, "हातमागाच्या कापडाला जीव असतो. यंत्रमागानं सोलापूरला काय दिलं? नुसता आवाज." तातानं तरुणपणी हातमाग चालवलेला. तो म्हणाला, "डॉक्टर, तुमी चार दिवस बसा की मागाच्या खड्ड्यात पाय सोडून. मग मला सांगा जीव कुटं हाय." तुम्ही पोट धरून हसलात, आणखी भात मागून घेतलात आणि मत तसूभरही बदललं नाही. हातमागाचं कौतुक ज्यांनी तो कधी चालवला नाही तेच करतात.

खरं तर दोघांपैकी कोणाचंच पारडं जड नव्हतं. एक लेख म्हणायचा बटण सरस, दुसरा म्हणायचा फरक नाही. आपण आपल्या सोयीचा तेवढा वाचायचो. बटणानं जोर लागत नाही, टोक हलत नाही, माझ्यासारखीला ते सोपं पडतं. पण आतड्याला रक्तच नीट पोचत नसेल तर मशीन सोन्याचं असलं तरी जोड सुटतो, आणि मूठ तुमची असली तरी सुटतो. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. तरी भांडायचो, कारण त्याशिवाय आपल्याला एकमेकांशी बोलता येत नव्हतं.

वैरागचा तो माणूस आठवतो? वडिलांचं ऑपरेशन होतं. वॉर्डात कोणीतरी त्याला नुसतं 'स्टेपलर घेऊन या' असं सांगितलं, आणि तो नवी पेठेत जाऊन कागद टाचायचा स्टेपलर घेऊन आला. वर पिनांची डबी जास्तीची. "कमी पडाय नकोत," म्हणाला. मला हसू आवरलं नाही. तुम्ही तो स्टेपलर दोन्ही हातांनी घेतलात आणि त्याला म्हणालात, "ह्यो बी लागतो की, केसपेपरला. आतड्याचा येगळा असतो, तो मी आणवतो." तो गेल्यावर माझ्याकडे वळलात. "हसतीस? त्यानं बापासाठी जास्तीच्या पिना आणल्या. तू तुझ्या बापासाठी काय आणलंस?" माझे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं, तुम्ही मर्तिकाला आला होतात. हे मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही. आणि त्यानंतर कुठल्याच पेशंटच्या नातेवाइकाला हसलेही नाही, हेही तितकंच खरं.

त्याच माणसाच्या म्हाताऱ्या बापाला तुम्ही पिशवी लावलीत. जोड खाली होता, भरून यायला वेळ लागणार होता. तोवर मळ वरच्या वर पोटावरच्या पिशवीत उतरवायचा, म्हणजे जोड सुटला तरी माणूस दगावत नाही. म्हातारा ऐकेना. तुम्ही त्याच्या बायकोला समोर बसवलंत. "आज्जे, ह्यांना लाज वाटंल. तू वाटू द्यायची न्हाय. नवऱ्याची कसली लाज?" ती मान खाली घालून हसली. पुढे काही महिन्यांनी पिशवी काढली आणि म्हातारा चालत घरी गेला. अशी किती माणसं तुम्ही समजावून, दरडावून, शिव्या देऊन वाचवलीत याची गणतीच नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तुम्हाला रक्त पडत होतं आणि तुम्ही मूळव्याध समजून इसबगोल खात बसलात. दुसरा कोणी पेशंट असं करून आला असता तर तुम्ही त्याची सालटी काढली असती. गाठ निघाली, तीही अगदी खाली. आधी रेडिएशन झालं, त्यानं आतडं नाजूक झालं. साखर होतीच. गाडीच्या डिकीत तंबाखूची पुडी होती, जी कोणाला माहीत नाही असं फक्त तुम्हाला वाटायचं. मी म्हटलं, पुण्याला जा, मोठ्या ठिकाणी करून घ्या. तुम्ही म्हणालात, "पुण्यात जाऊन कोणापुढं लुंगी सोडू? तूच कर."

मग तो दिवस. तुमचा जुळे सोलापूरचा फ्लॅट, तुम्ही सोफ्यावर, काकू आत चहा टाकत होत्या. तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "बटण चालव. तुला लई हौस हाय ना? चालव. पर पिशवी न्हाय लावायची."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "सर, रेडिएशन झालंय, साखर आहे, जोड खाली आहे. असं असताना तुम्ही आजवर एकाला तरी पिशवीशिवाय सोडलंय?"

"न्हाय."

"मग?"

तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंत. "हिनं मला कधी आडवं पडलेलं बघितलं न्हाय. ताप आला तरी मी दवाखान्यात जाऊन झोपायचो. आता ही माझं ते पुसणार व्हय? त्यापरीस मेलेलं बरं." आणि मग, "हिला ह्यातलं काय सांगायचं न्हाय. शपथ हाय तुला."

हे प्रेम होतं की रुबाब, सर? मी खूप विचार केला. मला वाटतं रुबाबच. आयुष्यभर घरात साहेबासारखे वावरलात, काकूंनी तुमचा सदरासुद्धा तुम्हाला विचारून धुतला, आणि ती खुर्ची मरेपर्यंत सोडवेना. पिशवीला तुम्ही घाबरला नाहीत, काकूंच्या नजरेला घाबरलात. आणि त्यासाठी आपलं भांडण, एवढ्या वर्षांचं, तुम्ही लाच म्हणून माझ्यापुढं ढकललंत. जिंकायचं होतं मला, पण असं नव्हतं जिंकायचं.

मी ओरडले. दोन वेळा येऊन ओरडले. पिशवीचं न सांगता, पुण्याला जायला पटवा एवढंच म्हणून भूलतज्ज्ञांना पाठवलं, त्यांना तुम्ही पोहे खायला घालून परत धाडलंत. शुद्धीतल्या पेशंटचं नाही म्हणजे नाही, हे माझ्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकणारे तुम्हीच होता. मी तुमचंच ऐकलं.

ऑपरेशनच्या दिवशी मशीन मिटल्यावर मी विचारलं, "डब्यात काय आणलंय?" सिस्टर रडत होत्या. मी पुन्हा विचारलं, जरा ओरडूनच. मग त्या म्हणाल्या, दोडका. भूलतज्ज्ञ म्हणाले, आज डबाच आणला नाही. सगळ्यांना बोलायला लावलं आणि मग बटण दाबलं. मशीननं दोन्ही टोकांच्या कापून काढलेल्या गोल रिंगा अखंड होत्या, म्हणजे जोड सगळीकडून बसला होता. पोटात पाणी भरून आतड्यात हवा सोडली, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात तशी. एक बुडबुडा आला नाही. सर, तो माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला जोड होता. तुम्ही पाहिला असतात तर काहीतरी कुचकट बोलला असतात आणि तुमचे डोळे हसले असते.

शुद्धीवर आल्या आल्या विचारलंत, "चटणी बारीक झाली का?" मी म्हटलं, झाली. तुम्ही झोपलात.

नंतर काही दिवसांनी नाडी वाढली. मी तपासण्या लिहीत होते, तर तुम्ही छताकडे बघून म्हणालात, "पद्मे, सुटलं बघ." पेशंट आणि सर्जन एकाच अंगात असले की असं होतं. पुन्हा पोट उघडलं. मागच्या अंगाला, जिथं रक्त कमी पोचतं तिथं, बारीकसं तोंड पडलं होतं आणि सगळ्या पोटात घाण पसरली होती. पिशवी आधीपासून असती तरी तो जोड कदाचित सुटलाच असता. पण घाण पसरली नसती. तुम्हाला चार दिवस ताप आला असता, तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या आणि बरे झाला असतात. तुमचं मरण मला मुळीच पटलेलं नाही. तुमच्या हाताखालच्या पोरानं पेशंटला असं मरू दिलं असतं तर तुम्ही त्याला थिएटरबाहेर काढलं असतं.

त्या दिवशी मी पिशवी लावली. तुम्हाला विचारायचा प्रश्नच नव्हता. तोवर तुम्ही शुद्ध हरपून व्हेंटिलेटरवर होता, नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

आणि आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगते. ही सांगताना मला वाईट वाटत नाही, तुम्हाला वाटलं तर वाटू दे. काकू आयसीयूत आल्या, चादर बाजूला सारून त्यांनी पिशवी पाहिली, आणि सिस्टरला म्हणाल्या, "एवढीशी तर हाय. मला वाटलं काय न काय असंल." पिशवी रिकामी कशी करायची, कडेची कातडी कशी पुसायची, हे त्यांनी लगेच शिकून घेतलं. कोमट पाण्यात फडका पिळून पुसत होत्या, जशी सकाळी ओट्यावरची फरशी पुसावी तशा. मला म्हणाल्या, "उठल्यावर लई आरडाओरडा करतील. मी म्हणणार, गप पडा." त्यांना 'गप पडा' म्हणायची फार हौस होती, सर. जन्मभर साठवून ठेवलेलं असणार. तुम्ही तीही पुरी होऊ दिली नाहीत.

ज्या नजरेला घाबरून तुम्ही जीव दिलात, ती नजर अशी होती.

आता तुमच्यामागं काय झालंय ते बघा. कालपरवापर्यंत बटणाचं मशीन मागणारी पोरं मला विचारतात, "मॅडम, मुठीचं घेऊ या का?" माझ्या पाठीमागं 'सरांचा घात' असं म्हटलं जातं. कोणाचीच त्यात दुष्टबुद्धी नाही. गोष्ट छान जमलीय एवढंच. म्हाताऱ्या गुरूनं इशारा दिला, शिष्येनं ऐकला नाही, आणि बघा. पिशवीचं कोणी विचारत नाही. सरांनी नको म्हटलं असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. मेल्यावरही तुमचं नाक वरच. म्हणूनच मी काल ठरवून गेले होते. शपथ तर शपथ, मेलेल्या माणसाची शपथ मी किती दिवस पाळू? काकूंना सांगायचं, आणि त्यांच्या तोंडून ते सगळ्यांना कळू द्यायचं. माझं नाव आहे, सर. ते मी तुमच्याच शिव्या खाऊन कमावलंय.

पंगत उठली होती. काकूंनी मला हाताला धरून गॅलरीत नेलं. बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच बोलल्या.

"पद्मा, तू आत होतीस. मला खरं सांग बाई. ती सिस्टर बोलून गेली, पिशवी आधीच लावत्यात म्हणं, म्हंजी माणूस जात न्हाय. मग ह्यांना का लावली न्हाय? ह्यांनीच नको म्हटलं का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला बघाय लागू नये म्हणून?"

एवढ्या वर्षांत तुम्हाला एवढं कळलं नाही, सर, की त्या बाईला तुमचं सगळं कळतं.

मी व्हय म्हटलं असतं तर संपलं होतं. माझ्या नावावरचा डाग पुसला गेला असता. आणि त्या रोज सकाळी उठून त्या फडक्याची आठवण काढत बसल्या असत्या, की मी एकदा, एकदाच आधी म्हणाले असते, काय होतंय, मी करीन की, तर हा माणूस आज खुर्चीत बसून माझ्यावर ओरडत असता.

"नाही काकू," मी म्हटलं. "पिशवीची गरजच नव्हती. मशीननं दगा दिला. बटणाच्या."

हळूहळू त्यांचा चेहरा सैल पडला. पदर बोटातून सुटला. मग त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी मायेनं, आणि म्हणाल्या,

"ते सांगत होते की तुला."